‘काही नाही’ आणि ‘पाहता आले नाही’

देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. चपला त्याच्या हाती दिल्या की तो पत्र्याचा एक बिल्ला देतो. बिल्ल्यावर आकडा असतो. तुमच्या चपला कोल्हापुरी आहेत की रबरी, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. पण बिल्ला दाखवला की नेमक्या तुमच्याच चपला बाहेर येतात. आता अशी कल्पना करा, की लोक दर्शन घेऊन मागच्या दाराने अनवाणीच घरी जाऊ लागले. चपला नेण्यास कोणी येतच नाही. संध्याकाळपर्यंत सगळे खण भरतील आणि नव्या माणसाला तो हात हलवून ‘जागा नाही’ असे सांगेल. हा नवा माणूस बाहेरूनच परत फिरला आणि घरी जाऊन म्हणाला, “आज देवळात कीर्तन नव्हते,” तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

नेमकी अशीच चूक माझ्या हातून झाली. तीही माणसाच्या बोलण्यात नव्हे, तर मी लिहिलेल्या संगणकाच्या आज्ञावलीत. ती चूक सांगून मला आपल्या संगणक-शिक्षणाविषयी थोडे बोलावयाचे आहे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. २०२३ च्या एप्रिलात आम्ही एक साधा प्रयोग मांडला होता. मातीच्या माठात पाणी भरावयाचे, त्यात तापमानाचा संवेदक सोडावयाचा आणि चोवीस तास दर मिनिटाला तापमान नोंदवावयाचे. संवेदकाला जोडलेला छोटा संगणक दर मिनिटाला एक नवी फाइल एका डिरेक्टरीत टाकत असे. दर मिनिटाला त्या डिरेक्टरीत डोकावणारी आणि नव्या फाइलीतील आकडा तक्त्यात उतरवणारी आज्ञावली मी सी भाषेत लिहिली. एखाद्या मिनिटाला फाइल आलीच नाही तर काय करावे? आलेखात खड्डा नको, म्हणून मी ठरवले, की फाइल मिळाली नाही तर आधीच्या मिनिटाचाच आकडा पुन्हा उतरवावा. त्या वेळी ही मोठी हुशारी वाटली होती.

सायंकाळी ५ वाजता प्रयोग सुरू केला. दुसऱ्या दिवशी ५ वाजता १४४० ओळींचा तक्ता तयार होता. आलेख रात्रभर हळूहळू उतरत गेला होता, सकाळी जरा चढू लागला होता आणि १० वाजल्यापासून पट्टीने आखल्यासारखा सरळ झाला होता. एका विद्यार्थ्याने वहीत त्याचे कारणही लिहिले: बाहेरून येणारी उष्णता आणि बाष्पीभवनाने जाणारी उष्णता सारखी झाली, म्हणून पाण्याचे तापमान स्थिर राहिले. उत्तर मुद्देसूद होते. मी खाली सही केली.

एका मुलीने मात्र दुपारी २ वाजता कंटाळून आपला काचेचा तापमापक माठात बुडवून पाहिला होता. तिच्या वहीतला आकडा तक्त्यापेक्षा दोन अंशांहून अधिक होता. मी तिला म्हटले, “तापमापक कडेला टेकला असेल, पुन्हा बघ.” ती म्हणाली, “मॅडम, मी तीनदा बघितलं.” मग मी तक्ता नीट वाचला. १० वाजल्यानंतरचे सगळे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत एकच होते. खऱ्या संवेदकाचे आकडे असे कधीच नसतात. ते थोडे तरी डोलतात. आता मोजा. सायंकाळी ५ पासून सकाळी १० पर्यंत १७ तास, म्हणजे १०२० मिनिटे. १०२० ही संख्या पाहून संगणकाशी झटापट केलेल्या कोणाच्याही मनात १०२४ येईल, दोनाचा दहावा घात. मग हे चार कुठे गेले?

ते चार शोधताना बिल्ल्यांची गोष्ट पुन्हा येते. ही व्यवस्था युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीतली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ च्या सुमारास ती सुरू केली आणि रिची यांनी सी भाषा घडवल्यावर १९७३ मध्ये ती त्या भाषेत पुन्हा लिहिली गेली. आजची लिनक्स कार्यप्रणाली याच घराण्यातली. अँड्रॉइडच्या मोबाइल फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. आज्ञावलीला फाइल वाचावयाची असली तर ती थेट तबकडीला हात लावू शकत नाही. ती कार्यप्रणालीच्या गाभ्याला ‘ही फाइल उघडून दे’ अशी विनंती करते. (फलांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिते, आज्ञावलीत ती छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावयाची असतात.) या विनंतीचे नाव ओपन. काम झाले तर गाभा एक पूर्णांक परत देतो. त्यालाच फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. मी त्याला बिल्लाच म्हणेन. पुढे वाचताना, लिहिताना हा बिल्ला दाखवावयाचा आणि शेवटी क्लोज म्हणून तो परत करावयाचा.

प्रत्येक चालू आज्ञावलीची बिल्ल्यांची पाटी वेगळी असते. माझा ३ आणि तुमचा ३ यांचा काही संबंध नाही. ०, १ आणि २ हे बिल्ले बहुधा आधीच दिलेले असतात: ० हा आत येणाऱ्या माहितीचा, १ हा बाहेर जाणाऱ्या माहितीचा आणि २ हा तक्रारींचा. तक्रारींना वेगळी वाट ठेवली आहे हे लक्षात ठेवा. त्याचे कारण पुढे येईल. नवा बिल्ला देताना गाभा नेहमी त्या क्षणी मोकळा असलेला सर्वांत लहान आकडा देतो. म्हणून पहिली फाइल उघडली की बहुधा ३ मिळतो. तो परत केला की पुढच्या फाइलीलाही ३ च मिळतो. परत केला नाही तर ४, मग ५. एका आज्ञावलीने एका वेळी किती बिल्ले बाळगावेत याला मर्यादा असते. लिनक्सवर ती सर्वसाधारणपणे १०२४ ठेवलेली असते, म्हणजे ० ते १०२३.

पण मी तर उघडलेली प्रत्येक फाइल न चुकता बंद केली होती! मग बिल्ले कोणी खाल्ले?

ते खाल्ले डिरेक्टरीने. डिरेक्टरी म्हणजे फाइली भरलेली पेटी, असे चित्र आपल्याला पडद्यावर दिसते. वास्तविक ती एक नोंदवही असते. तिच्यात नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे त्या फाइलीचा गाभ्याने ठेवलेला क्रमांक असतो, एवढेच. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तर ही वही अगदी साधी होती. प्रत्येक नोंद १६ बाइटची: २ बाइट क्रमांकाला आणि १४ बाइट नावाला. इतर कोणतीही फाइल उघडावी तशीच आज्ञावली ही वही उघडत असे आणि सोळा-सोळा बाइट वाचत जाई. वही उघडली, बिल्ला मिळाला, हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे. पुढे १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातून युनिक्सची ४.२ ही आवृत्ती निघाली. तिच्यात नाव २५५ अक्षरांपर्यंत लांब चालू लागले आणि नोंदींची लांबी कमीजास्त झाली. आता सोळाच्या हिशेबाने वाचणाऱ्या आज्ञावल्या चालणार कशा? म्हणून वही वाचण्याचे काम तीन फलांकडे सोपवले गेले: ओपनडिर, रीडडिर आणि क्लोजडिर. १९८८ मध्ये पॉसिक्स या प्रमाणग्रंथात त्यांना स्थान मिळाले आणि आजही तीच चालतात.

ओपनडिर आपल्याला आकडा देत नाही. ते देते डिरेक्टरीचा ‘प्रवाह’. वहीवर बोट ठेवून एकेक ओळ खाली सरकणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. रीडडिर म्हटले की तो पुढची ओळ वाचून दाखवतो आणि बोट एक घर खाली नेतो. नावे वर्णानुक्रमाने येतील असे मानू नका. ती वहीत असतील त्या क्रमाने येतात. यादीत एक टिंब आणि दोन टिंबे अशी दोन विचित्र नावेही येतात. एक टिंब म्हणजे हीच डिरेक्टरी आणि दोन टिंबे म्हणजे हिच्या वरची. फाइली मोजणाऱ्या आज्ञावलीचे उत्तर दोनाने जास्त येते ते यामुळेच. दर वर्षी निदान एक विद्यार्थी त्यावर तासभर डोके खाजवतो.

सोय झाली खरी, पण बिल्ला पडद्याआड गेला. वही वाचणाऱ्या त्या माणसाच्या खिशात एक बिल्ला असतोच. आपल्याला तो दिसत नाही इतकेच. क्लोजडिर म्हटल्याशिवाय तो परत जात नाही. मी दर मिनिटाला ओपनडिर म्हणत होते आणि क्लोजडिर लिहावयाचे विसरले होते. १०२४ मधून पहिले तीन गेले, राहिले १०२१. दर मिनिटाला एक बिल्ला डिरेक्टरीपायी अडकत होता आणि तापमानाची फाइल वाचण्यासाठी आणखी एक क्षणभर मोकळा लागत होता. म्हणून १०२० मिनिटे काम चालले. पुढच्या मिनिटाला शेवटचा बिल्ला डिरेक्टरीने घेतला आणि फाइलीला बिल्ला उरला नाही. त्याच्या पुढच्या मिनिटापासून डिरेक्टरीही उघडेना. हिशेब चोख जुळला.

विसरण्याची चूक कोणाच्याही हातून होते आणि ती एका ओळीने दुरुस्तही झाली. मला लाज वाटते ती दुसऱ्या चुकीची. ओपनडिरला बिल्ला मिळाला नाही, तेव्हा त्याने मला तसे सांगितले होते. प्रवाहाऐवजी त्याने ‘नल’ म्हणजे पोकळ उत्तर परत दिले होते आणि एरनो नावाच्या चलात कारणही लिहून ठेवले होते: फार फाइली उघड्या आहेत. माझ्या आज्ञावलीने ते पोकळ उत्तर घेतले आणि त्याचा अर्थ केला, ‘नवी फाइल नाही’. फाइली तर दर मिनिटाला येऊन पडत होत्या! सात तासांच्या चारशेवीस फाइली शेजारीच होत्या आणि माझी आज्ञावली कीर्तन नसल्याचे सांगत होती.

रीडडिरच्या बाबतीत तर हा घोळ आणखी नाजूक आहे. नोंदी संपल्या की ते नल देते आणि वाचताना काही बिघडले तरीही नलच देते. दोन्ही उत्तरे दिसण्यात एकच. फरक ओळखण्याची रीत अशी: रीडडिर म्हणण्यापूर्वी एरनोमध्ये आपणच शून्य ठेवावयाचे आणि नल आल्यावर ते पाहावयाचे. शून्य तसेच असेल तर वही संपली. बदलले असेल तर काहीतरी बिघडले. एका ओळीचे काम, पण माझ्या पाहण्यात आलेल्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांत ते क्वचितच असते.

बारावीच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे काही दिसले का? मीटर-सेतूच्या प्रयोगात आपण तारेवर स्पर्शिका सरकवत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणतो. काटा शून्यावर आला की सेतू संतुलित झाला, असे म्हणतो. पण काटा शून्यावर असण्याचे दुसरे कारण म्हणजे तार सुटलेली असणे! म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी स्पर्शिका तारेच्या दोन्ही टोकांना टेकवून काटा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळतो ना, ते पाहावयास लावतात. हे न करता कोणी वाचन घेतले तर मी ते खोडते. हाच नियम मी आज्ञावली लिहिताना मात्र पाळला नाही, कारण आज्ञावली म्हणजे प्रयोग नव्हे, असे माझ्या मनात कुठेतरी बसले होते.

माझे सहकारी म्हणतात, की हे सारे सी भाषेचे जुनाट दुखणे आहे. पायथनसारख्या भाषांत फाइल आपोआप बंद करण्याची सोय आहे आणि उघडता आली नाही तर आज्ञावली मोठ्याने ओरडून थांबते. शिवाय आज्ञावली संपली की गाभा तिचे सगळे बिल्ले स्वतःच गोळा करतो. मग शाळेतल्या मुलांना ही उठाठेव कशाला?

यातले पुष्कळसे खरे आहे. पायथनचे ओरडणे तर मला सीच्या गप्प राहण्यापेक्षा निश्चितच बरे वाटते. पण आज्ञावली संपल्यावर बिल्ले परत जातात, हेच तर चूक न सापडण्याचे कारण आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला आज्ञावली दोन सेकंद चालते, उत्तर पडद्यावर येते, शिक्षक बरोबरची खूण करतात. तीच आज्ञावली रात्रंदिवस चालवली की सतराव्या तासाला अडते. वेधशाळेतले, कारखान्यातले, रुग्णालयातले संगणक दोन सेकंद चालून थांबत नसतात. आणि पायथन ओरडले की विद्यार्थी पहिली गोष्ट कोणती करतात ठाऊक आहे? ते ओरडणे गिळून टाकणाऱ्या दोन ओळी लिहितात, म्हणजे पडदा स्वच्छ दिसतो. मी सीमध्ये केले तेच. ‘नाही’ याचा अर्थ काय लावावयाचा, हे कोणतीही भाषा आपल्यासाठी ठरवून देणार नाही.

म्हणून शिक्षकमित्रांना माझे सांगणे आहे, की विद्यार्थ्याची आज्ञावली बरोबर चालली म्हणजे तपासणी संपली, असे मानू नका. ती चालू असताना डिरेक्टरीचे नाव बदलून पाहा. वाचण्याची परवानगी काढून घ्या. मग ती काय सांगते ते पाहा. ‘फाइली नाहीत’ असे म्हणाली तर गुण कापा. ‘डिरेक्टरी उघडता आली नाही’ असे २ क्रमांकाच्या वाटेने म्हणाली तर पूर्ण गुण द्या. आता कळेल, की तक्रारीला वेगळी वाट का ठेवली आहे. तक्रार तक्त्यात मिसळू नये आणि तक्त्यापायी ती दडपलीही जाऊ नये, यासाठी. वरच्या वर्गांना आणखी एक प्रश्न विचारता येईल. २००८ च्या पॉसिक्समध्ये एफडीओपनडिर हे फल आले. आधीच हातात असलेला बिल्ला देऊन त्यावर प्रवाह उभा करण्याची सोय त्याने होते. मग शेवटी बंद काय करावयाचे, बिल्ला की प्रवाह? फक्त प्रवाह. बिल्ला आता त्याचा झाला आणि क्लोजडिर तो स्वतः परत करते. वर तुम्ही पुन्हा क्लोज म्हटलेत आणि मधल्या काळात तोच आकडा दुसऱ्या फाइलीला गेला असेल, तर तुम्ही दुसऱ्याच्याच चपला परत कराल.

त्या वर्षी मी वहीवरची माझी सही खोडली आणि प्रयोग पुन्हा मांडला. आता तक्त्यात तीन प्रकारच्या नोंदी होतात: आकडा, ‘फाइल आली नाही’ आणि ‘पाहता आले नाही’. आधीचा आकडा पुन्हा उतरवणे बंद केले. आलेखात खड्डे पडतात, पडू देत. १० वाजल्यानंतर रेषा चढतच गेली आणि दुपारी तिच्या काचेच्या तापमापकाशी जुळली.

लिनक्सचा संगणक हाताशी असेल तर हे तुम्हालाही पाहता येईल. आज्ञांच्या खिडकीत एलएस हे शब्द लिहा, एक जागा सोडा आणि पुढे तिरकी रेघ, प्रॉक, तिरकी रेघ, सेल्फ, तिरकी रेघ, एफडी असे लिहा. ही गाभ्याने दाखवलेली एक डिरेक्टरी आहे. चालू आज्ञावलीच्या हातातले बिल्ले तिच्यात नावांसारखे दिसतात. ०, १, २ दिसतील आणि बहुधा ३ सुद्धा. हा ३ कोणाचा, ते आधी स्वतः ओळखा. ती यादी वाचण्यासाठी एलएसने जी डिरेक्टरी उघडली, तिचाच तो बिल्ला!

मग सी भाषेत एक छोटी आज्ञावली लिहा. एक टिंब या नावाची डिरेक्टरी तिने बारा वेळा ओपनडिरने उघडावी, बंद मात्र करू नये. डिरएफडी हे फल प्रवाहाच्या खिशातला बिल्ला दाखवते. दर वेळी तो छापावा. नल आले तर डिरएफडीकडे न जाता पीएररने कारण छापून थांबावे. आज्ञावली आधी भाषांतरित करून ठेवा. नंतर त्याच खिडकीत युलिमिट, जागा, उणे चिन्ह व त्याला चिकटून एन, पुन्हा जागा आणि १० असे लिहा. त्या खिडकीपुरती मर्यादा दहावर येईल. खिडकी बंद केली की ती बंधनही जाते. आता आज्ञावली चालवा. ३ ते ९ असे सात आकडे दिसतील आणि आठव्या वेळी तक्रार येईल. काही संपादकांच्या आतल्या खिडकीतून चालवल्यास एखाददुसरा बिल्ला आधीच गेलेला असतो. तुमचे सातऐवजी सहा आले तर कोणाचा बिल्ला गेला ते शोधा. त्यानंतर क्लोजडिरची ती एक ओळ घाला आणि पुन्हा चालवा. बाराही वेळा एकच आकडा येईल. कोणता, ते चालवण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा.